उजाड बोस्टनमध्ये संसार थाटताना

'फॉलआउट ४' या गेमची कथा हरवलेल्या मुलाच्या शोधाची आहे. २३ ऑक्टोबर २०७७ या दिवशी अणुबॉम्ब पडू लागतात. नवरा-बायको तान्ह्या शॉनला घेऊन घराजवळच्या 'व्हॉल्ट १११' या भुयारात धावतात. तिथे त्यांना फसवून गोठवलं जातं. मधेच केव्हातरी एकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा खून होतो आणि मूल पळवलं जातं. उरलेला जोडीदार, म्हणजे खेळाडू, २२८७ साली एकटाच बाहेर येतो. अशा वेळी आई-बापाने काय करायला हवं हे उघड आहे. तरीही बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा गेम १० नोव्हेंबर २०१५ रोजी बाजारात आला तेव्हापासून असंख्य खेळाडू मुलाचा शोध बाजूला ठेवून पत्रे ठोकत, वायरी ओढत आणि खुर्च्या सरकवत बसले आहेत. मीही त्यांतलाच एक.

या घरबांधणीबद्दल दोन टोकांची मतं सतत ऐकू येतात. एका बाजूचं म्हणणं असं की रोल-प्लेइंग गेमचा जीव संवादांत, निवडींत आणि त्यांच्या परिणामांत असतो. वस्त्या हे वरून चिकटवलेलं ठिगळ आहे आणि त्यावर घातलेली मेहनत कथेवर घालायला हवी होती. दुसऱ्या बाजूची माणसं या गेममध्ये बांधकामाशिवाय दुसरं काही करतच नाहीत. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात. घर बांधायला या गेमने जे सामान दिलं आणि जी जागा दिली, त्याला तोड नाही. पण बांधलेल्या घराकडे पाहणारं, ते ओळखणारं कोणी त्या जगात ठेवलं नाही. पुढच्या सगळ्या घडामोडी, म्हणजे खेळाडूंच्या युक्त्या, त्यांनी बनवलेले मॉड (गेममधले बदल) आणि नंतरचे गेम, या एका उणिवेभोवती फिरत राहिल्या.

रोल-प्लेइंग गेममध्ये घर असणं ही कल्पना जुनीच. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये १९९७ सालीच खेळाडू जमिनीवर घर उभं करून त्यात आपल्या वस्तू मांडत होते. कोनामीच्या 'सुईकोडेन'मध्ये १९९५ साली एक ओसाड किल्ला मिळे आणि १०८ साथीदारांपैकी जसजसे लोक येऊन राहत तसतसा तो गजबजत जाई. तिथे खेळाडू वीटही रचत नव्हता, तरी वस्ती वाढताना दिसे, आणि ती माणसांमुळे वाढे. बेथेस्डाच्या स्वतःच्या वाटचालीत थेट पूर्वज म्हणजे २०१२ मध्ये 'स्कायरिम'ला जोडलेला 'हार्थफायर'. ठरलेल्या तीन जागांपैकी एखादी विकत घ्यायची, लाकूड, दगड, माती, खिळे, बिजागऱ्या जमवायच्या आणि आराखड्याच्या टेबलावरून एकेक भाग निवडत वाडा उभा करायचा. एका बाजूला ग्रंथालय बांधायचं की स्वयंपाकघर, एवढी निवड हातात होती. टेबल कुठे ठेवायचं हे मात्र गेमच ठरवे. दत्तक मुलं त्या घरात राहायला येत, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. 'माइनक्राफ्ट'ने तोपर्यंत लाखो हातांना बांधायची सवय लावली होती. जून २०१५ मध्ये टॉड हॉवर्ड यांनी 'फॉलआउट ४' पहिल्यांदा सविस्तर दाखवला, तेव्हा घर, वीज आणि बंदुकांच्या बुरुजांसह उभी राहणारी वस्ती पाहून या सगळ्या धारा एकत्र आल्यासारखं वाटलं होतं.

आता सामानाकडे वळू, कारण गेमची खरी थोरवी तिथे आहे. आधीच्या 'फॉलआउट'मध्ये वाटेत पडलेले कप, बश्या, टेबलफॅन, टाइपरायटर यांना जवळजवळ काही किंमत नव्हती. इथे प्रत्येक वस्तू मोडली की तिचा कच्चा माल हाती येतो. कपातून चिनी माती, बल्बमधून तांबं, टाइपरायटर आणि टेबलफॅनमधून स्क्रू, चिकटपट्टीच्या गुंडाळीतून गोंद. पोलाद आणि लाकूड मुबलक. स्क्रू, गोंद, अॅल्युमिनियम आणि सर्किट यांचीच चणचण. काही दिवस खेळल्यावर नजर बदलते. एखाद्या पडक्या ऑफिसात शिरल्यावर शत्रू कुठे दडलाय हे पाहायच्या आधी टेबलावर पंखा आहे का हे पाहिलं जातं. वजनाची मर्यादा ओलांडली की चाल मंदावते, मग सोबत्याच्या पाठीवर ओझं लादायचं, वाटेतल्या वस्तीच्या वर्कशॉपमध्ये सगळं उपसायचं आणि पुन्हा निघायचं. गोंदाचा तुटवडा सोडवायला शेती करावी लागते: मका, टाटो आणि मटफ्रूट प्रत्येकी तीन, शुद्ध पाणी एक, हे चुलीवर शिजवलं की भाजीचा स्टार्च तयार होतो आणि त्यातून गोंदाचे पाच नग मिळतात. म्हणजे बंदुकीला दुर्बीण बसवायची असेल तर आधी शेतात मका लावायचा. लढाई, भटकंती, शेती आणि बांधकाम एकाच धाग्यात ओवणारी इतकी सरळ रचना दुसऱ्या कुठल्या मोठ्या रोल-प्लेइंग गेममध्ये मला भेटलेली नाही.

हे सगळं घडतं तो मुलूखही नेमका निवडलेला आहे. गेमचा पहिला परिसर मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डचा. १७७५ साली ओल्ड नॉर्थ ब्रिजवर जिथे वसाहतींच्या 'मिनिटमेन' सैनिकांनी ब्रिटिशांशी झुंज घेतली, त्याच धर्तीचा पूल ओलांडून खेळाडू आपल्या 'सँक्च्युअरी हिल्स' या गल्लीत परततो, आणि त्याला भेटणारी संघटनाही 'मिनिटमेन' नावाचीच आहे. त्याच कॉन्कॉर्डमध्ये १८४५ साली हेन्री डेव्हिड थोरो यांनी वॉल्डन तळ्याकाठी १० फूट रुंद आणि १५ फूट लांब झोपडी बांधली. त्यांनी रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची जुनी खोपटी ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतली, ती उतरवली आणि तिच्या फळ्या गाडीवर लादून तळ्याकाठी आणल्या. झोपडीचा एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि त्यात खिळ्यांचाही वेगळा हिशोब आहे. गेमच्या नकाशावर वॉल्डन तळंही आहे. मोडलेल्या घराच्या फळ्यांतून नवं घर उभं करायचं आणि खिळ्याखिळ्याचा हिशोब ठेवायचा, हा उद्योग त्या मातीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी खरोखर होऊन गेलेला आहे. गेम बनवणाऱ्यांनी हे मनात धरलं होतं की नाही, त्याने फरक पडत नाही. जागा आणि काम यांचा मेळ बसलेला आहे.

सँक्च्युअरीची मजा अशी की ही गल्ली आपण गेमच्या सुरुवातीला धडधाकट पाहिलेली असते. रंगवलेल्या भिंती, कापलेलं गवत, दारात चकाकती गाडी, स्वयंपाकघरात कॉफी करणारा कॉड्सवर्थ हा रोबो. थोड्या वेळाने, म्हणजे २१० वर्षांनी, तेच घर गंजलेलं आणि छपराला भगदाड पडलेलं दिसतं. आत शॉनचा पाळणा तसाच. आजूबाजूची कोसळलेली घरं मोडून त्यांचं लाकूड-पोलाद घेता येतं, उभी असलेली घरं मात्र मोडता येत नाहीत. म्हणून पहिल्याच वस्तीत प्रत्येकापुढे एक प्रश्न उभा राहतो: जुन्या घरांना ठिगळं लावायची की त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत नवं काही उभारायचं? मला ठिगळाचा रस्ता आवडतो. पण छपराचं भगदाड बुजवायला गेमने बरोबर मापाचा एकही तुकडा दिलेला नाही, आणि इथेच पहिली ठेच लागते.

दुसरी ठेच हिशोबाची. कॉन्कॉर्डहून मिनिटमेनच्या प्रेस्टन गार्व्हीसोबत चार थकलेली माणसं सँक्च्युअरीत येतात आणि स्टर्जेस हा कारागीर कामं सांगतो: झोपायला बिछाने, प्यायला पाणी, खायला पिकं, संरक्षणाला बुरूज. म्हाताऱ्या मामा मर्फीसाठी एक खुर्चीही बनवावी लागते. अख्ख्या गेममध्ये वस्तीतल्या एका माणसाने स्वतःसाठी नाव घेऊन मागितलेली अशी वस्तू जवळजवळ हीच, आणि म्हणून ती लक्षात राहते. बाकी सगळं आकड्यांत. एक माणूस सहा घटक अन्न पिकवू शकतो, म्हणजे मटफ्रूटची सहा झाडं किंवा मक्याची बारा रोपं. वस्तीची कमाल लोकसंख्या १० अधिक खेळाडूचे करिश्म्याचे गुण. संरक्षणाचा आकडा अन्न आणि पाण्याच्या बेरजेपेक्षा मोठा ठेवला की हल्ल्याची शक्यता घटते. आनंदाचाही आकडा आहे: अन्न, पाणी, बिछाना, बिछान्यावर छप्पर आणि सुरक्षितता हे सगळं पुरवलं की तो ८० पर्यंत पोचतो, पुढे न्यायला दुकानं आणि दवाखाने लागतात. रोबोंचा आनंद ५० वरच अडकलेला असतो, त्यामुळे रोबोंनी चालवलेली ग्रेगार्डन ही वस्ती कितीही सजवली तरी बिचारी मागेच राहते.

या बेरजेत भिंतीवरचं चित्र नाही. गालिचा नाही, खिडकीतली कुंडी नाही, जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या ताटल्या नाहीत. पत्र्याच्या एकाच शेडमध्ये वीस बिछाने ओळीने टाकले आणि दाराशी चार बुरूज लावले, तरी गेमच्या लेखी ती वस्ती आणि प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली देऊन जीव ओतून उभारलेली वस्ती सारखीच. रहिवासी ज्या बिछान्यावर नेमला त्यावर झोपतो, रिकामी खुर्ची दिसली तर बसतो, बार असेल तर संध्याकाळी तिथे जमतो. हे पाहायला खरंच बरं वाटतं. पण तो काही ओळखत नाही. आपण गच्चीवर त्याच्यासाठी खास खोली बांधावी आणि त्याने खाली येऊन जागा अपुरी असल्याची नाहीतर कामाची तक्रार करावी, असं नेहमीचंच. याहून बोचरं दृश्य सँक्च्युअरीच्या भिंतीशी दिसतं. स्टर्जेस आणि त्याच्याबरोबरची माणसं फुटक्या भिंतींवर हातोडी मारत उभी असतात. गेमचे आठवडे जातात, महिने जातात, हातोडीचा आवाज येतच राहतो आणि एकही फळी जागची हलत नाही. दुरुस्तीचा अभिनय आहे, दुरुस्ती नाही.

मिनिटमेनची ठरावीक कामं ही याच उणिवेची दुसरी बाजू. प्रेस्टन पुन्हा पुन्हा एखाद्या वस्तीवर संकट आल्याचं सांगतो, आपण जातो, लुटारू किंवा पिसाट घूल मारतो, परत येतो, तो पुढची वस्ती सांगतो. या कामांची जगभर थट्टा झाली. मला त्यात थट्टेपेक्षा हुकलेली संधी जास्त दिसते. त्या वस्तीतला शेतकरी आपलं दुःख सांगतो ते दोन वाक्यांत, आणि संकट टळल्यावर तो त्या गर्दीत विरघळून जातो. 'स्लॉग' ही वस्ती मात्र वेगळी आहे. किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले, शहरातून हाकललेले घूल तिथे एका जुन्या पोहण्याच्या तलावात टारबेरी पिकवून राहतात. त्यांची गोष्ट आधीपासून तिथे असल्यामुळे तिथे बांधलेल्या प्रत्येक भिंतीला अर्थ येतो. अशा वस्त्या तीसच्या आसपास ठिकाणांपैकी मोजक्याच.

ठिकाणांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. प्रत्येक जागा बांधणाऱ्यापुढे वेगळं कोडं टाकते. 'स्टारलाइट ड्राइव्ह-इन' म्हणजे गाडीत बसून सिनेमा पाहण्याचं सपाट डांबरी मैदान, प्रचंड पडद्यासह. बाजारपेठ वसवायला याहून सोयीची जागा नाही. बोस्टनच्या बंदरावरचा खराखुरा फोर्ट इंडिपेंडन्स गेममध्ये 'द कॅसल' होतो. त्याच्या तटबंदीला मोठाली खिंडारं आहेत आणि ती बुजवण्यासाठी खेळाडूंनी किती डोकं लढवलं असेल याला गणती नाही. 'स्पेक्टॅकल आयलंड' हे अख्खं बेट मोकळं मिळतं. माझी आवडती जागा या सगळ्यांहून लहान आहे: 'हँगमन्स अॅली'. फेनवे पार्कच्या बेसबॉल मैदानात वसलेल्या डायमंड सिटीपासून चार पावलांवर, दोन उंच इमारतींच्या मधली चिंचोळी बोळ. रुंदी इतकी कमी की दोन खोल्या शेजारी-शेजारी बसत नाहीत, पिकांना माती मूठभर. मग वरच जावं लागतं. एका खोलीच्या छपरावर दुसरी, तिच्या गॅलरीतून पलीकडच्या भिंतीला टेकवलेला जिना, जिन्याखाली जनरेटर, दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या वायरी, आणि खालून वर पाहिलं की आकाशाची एक पट्टी. मुंबईच्या चाळीत किंवा जुन्या पुण्यातल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही दाटी परकी वाटणार नाही. जागा कमी पडली की बांधणारा विचार करू लागतो, हे त्या बोळीत पटतं. बेटावर माझी निम्मी बांधकामं अर्धवट पडली, बोळीतली सगळी पुरी झाली.

मर्यादा दुसऱ्याही आहेत. प्रत्येक वस्तीत किती वस्तू ठेवता येतील याची एक पट्टी असते आणि ती भरली की काम थांबतं. खेळाडूंनी लवकरच तोडगा शोधला: आपल्याजवळच्या बंदुका जमिनीवर टाकायच्या आणि वर्कशॉपमधून त्या साठवायच्या. गेमला वाटतं वस्तीतलं सामान कमी झालं आणि पट्टी खाली येते. कचऱ्याचे ढीग आणि वाळलेली झुडपं हलवता येत नाहीत याचं कारण तांत्रिक आहे. एवढं मोठं शहर सुरळीत दिसावं म्हणून स्थिर वस्तूंचे आकार आधीच एकत्र सांधून ठेवलेले असतात. त्यातला एक तुकडा काढला की सांधलेला गठ्ठा मोडतो आणि यंत्राला प्रत्येक वस्तू वेगळी रंगवावी लागते. सगळं काही मोडू देणारे मॉड म्हणूनच वस्ती स्वच्छ करतात आणि गेमचा वेग खाली आणतात.

सजावटीत खेळाडूंनी दाखवलेली कारागिरी हा या आढाव्यातला सगळ्यात आनंदाचा भाग. तिचं मूळ गेमच्याच पोटात आहे. जोएल बर्जेस यांनी २०१३ सालच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये नेथन पर्कीपाइल यांच्यासोबत 'स्कायरिम'च्या रचनेबद्दल मांडणी केली होती: ठरावीक मापाच्या भिंती, जिने, कमानी यांचे संच तयार करायचे आणि तेच तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून शेकडो जागा घडवायच्या. जागा उभी राहिली की त्यात वस्तूंनी गोष्ट सांगायची. 'फॉलआउट'मधल्या पडक्या घरांत शिरलं की ही गोष्ट दिसते. एकमेकांना बिलगलेले दोन सांगाडे, न्हाणीघरात बाटल्यांच्या शेजारी पडलेला एक, वर्तमानपत्र धरून बसवलेलं टेडी बेअर. कोणी काही सांगत नाही. वस्तू कशा पडल्या आहेत त्यावरून आपण समजून घेतो. वर्कशॉपने नेमकी हीच हत्यारं, म्हणजे सांध्याला सांधा जुळणारे तुकडे आणि सुट्या वस्तू, खेळाडूच्या हाती दिली. शेकडो तास ती घरं पाहिलेल्या खेळाडूंना ही भाषा न शिकवता येत होती.

हत्यारं मात्र बोथट होती. एक वस्तू दुसऱ्या वस्तूत जराशीही घुसू द्यायची नाही असा गेमचा नियम. खऱ्या घरात कपाट भिंतीला चिकटतं, पत्रा पत्र्यावर चढतो, कुंपण उतारात गाडलं जातं. इथे प्रत्येक गोष्टीत फट राहायची. त्यावर गालिच्याची युक्ती निघाली. जमिनीवर छोटा गालिचा अंथरायचा, त्यावर हवी ती भिंत किंवा खांब ठेवायचा, मग बटण दाबून धरून गालिचा उचलायचा. गालिच्यासोबत वरची वस्तूही उचलली जाते, पण आडवं काही येतंय का हे गेम फक्त गालिच्यापुरतं तपासतो. अशा रीतीने भिंती जमिनीत गाडता आल्या, कॅसलची खिंडारं काँक्रीटने सलग बुजली, सँक्च्युअरीच्या जुन्या घरांना आतून नवं अस्तर लागलं. बनवणाऱ्यांनी कधीही न सांगितलेली ही युक्ती खेळाडूंनी स्वतः शोधली आणि एकमेकांना शिकवली. लहान वस्तूंचा प्रश्न वेगळा होता. टेबलावर मांडलेले कप कोणाचा धक्का लागला की सांडत, कधी वस्तीत परतल्यावर सगळं जमिनीवर पडलेलं सापडे. 'ओसीडेकोरेटर' या मॉडने त्याच वस्तूंच्या जागेवर घट्ट बसणाऱ्या प्रती दिल्या. 'प्लेस एव्हरीव्हेअर'ने आडकाठीचा नियमच उठवला आणि वस्तू तसूतसूने सरकवायची सोय दिली.

बेथेस्डाने २०१६ साली वर्कशॉपच्या तीन पुरवण्या विकायला आणल्या. एप्रिलमधलं 'वेस्टलँड वर्कशॉप' काँक्रीटच्या भिंती आणि निऑनची अक्षरं घेऊन आलं, सोबत प्राणी पकडायचे पिंजरे आणि झुंजीचं रिंगण. काँक्रीट आणि अक्षरं कायम उपयोगी पडली. रिंगण एकदा पाहून झालं. जूनमधल्या 'काँट्रॅप्शन्स'मध्ये सरकते पट्टे, लिफ्ट आणि विजेच्या तर्काची फाटकं होती, ज्यांना यंत्रं जोडायची हौस त्यांच्यासाठी. जुलैमधलं 'व्हॉल्ट-टेक' या तिन्हींत सरस, कारण त्यात बांधकामाला गोष्ट मिळाली. क्विन्सीच्या खाणीखाली अर्धवट राहिलेला व्हॉल्ट ८८ पुरा करायचा आणि ओव्हरसीअर बार्स्टो हिच्या सांगण्यावरून तिथल्या रहिवाशांवर प्रयोग करायचे. व्यायामाची सायकल, सोड्याचं यंत्र, डोळे तपासायचं यंत्र. प्रत्येक वेळी माणसांना पिळायचं की त्यांचं भलं करायचं हे खेळाडू ठरवतो. वस्तू मांडणं आणि नैतिक निवड करणं ही दोन्ही कामं इथे एकच झाली. हाच धागा मूळ गेममध्ये असता तर ठिगळाची तक्रार बरीचशी मिटली असती.

ऑगस्टमधल्या 'नुका-वर्ल्ड' या पुरवणीने आणखी एक धाडस केलं. खेळाडूला लुटारूंचा म्होरक्या बनवलं आणि स्वतःच्याच वस्त्या लुटारूंच्या ताब्यात द्यायला सांगितलं. तसं केलं की प्रेस्टन कायमची साथ सोडतो. मला ते करवलं नाही. संवादांतल्या कुठल्याही निवडीने इतकं अडखळायला लावलं नव्हतं. आपण बांधलेल्या जागेबद्दल वाटणारी माया हा रोल-प्लेइंगचाच भाग आहे, याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

त्याच वर्षी आलेल्या नव्या सर्व्हायव्हल मोडची दखल मात्र पुरेशी घेतली गेली नाही. या मोडमध्ये नकाशावर बोट ठेवून झटकन कुठे पोचता येत नाही, सगळं पायी. तहान, भूक, आजार, गोळ्यांचंही वजन. आणि गेम सेव्ह करायचा तर बिछान्यावर झोपावं लागतं. एका फटक्यात प्रत्येक वस्तीला कारण मिळालं. शहराच्या मध्यभागी आपला एक बिछाना, एक पंप आणि चुलीपाशी शिजवलेलं मांस असणं म्हणजे दीड-दोन तासांची मेहनत वाया न जाण्याची हमी. हँगमन्स अॅलीची बोळ साध्या मोडमध्ये एक कोडं होती; सर्व्हायव्हलमध्ये ती घराची ओढ लावते. दोन वस्त्यांमध्ये माल वाहणारा आपलाच माणूस ओझं लादलेल्या ब्रॅमिन गाईसह वाटेत भेटला की हायसं वाटतं. सजावटीलाही इथे आपोआप मान मिळतो, कारण झोपण्यापूर्वीचा तो शांत वेळ आपण त्याच खोलीत काढतो.

मॉड बनवणाऱ्यांनी उणिवेवर उत्तर शोधलं ते उलट्या बाजूने. २०१७ मध्ये आलेल्या 'सिम सेटलमेंट्स'मध्ये खेळाडू घर बांधत नाही. तो फक्त भूखंड आखतो: हा राहण्याचा, हा शेतीचा, हा दुकानाचा. माणसं आपापलं घर स्वतः उभारतात, वाढवतात, सजवतात. हातोडीचा अभिनय इथे अखेर खरा झाला. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'सिम सेटलमेंट्स २'ने त्यावर स्वतंत्र कथा, नवी पात्रं आणि संवादही रचले, तेही मोफत. वस्ती जिवंत वाटावी असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी याहून मोठं काम या गेमवर झालेलं नाही. पण किंमत मोजावी लागते. हँगमन्स अॅलीतला तो टेकवलेला जिना, ती वायर, तो कोपरा आपल्या हातचा राहत नाही. वस्तीला जीव आला की ती आपली थोडी कमी होते. मी अजूनही प्रत्येक खेळात एखादी जागा मॉडपासून राखून ठेवतो.

घर ओळखणारा गेम बनवता येतो हे इतरांनी दाखवलं आहे. जपानच्या 'ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स'मध्ये दोन ठोकळे उंच भिंती आणि दार झालं की गेम त्याला खोली मानतो आणि आत काय मांडलंय ते पाहून तिला नाव देतो: हे स्वयंपाकघर, हे शयनगृह. दुसऱ्या भागात गावकरी ती वापरतात, खूश होतात आणि तो आनंद डोळ्यांना दिसतो. २०२१ मध्ये आलेल्या 'व्हॅलहाइम'मध्ये फर्निचरमुळे घराचा आराम वाढतो आणि आरामामुळे खेळाडूची ताकद जास्त वेळ टिकते. चुलीचा धूर बाहेर जायला वाट ठेवली नाही तर तो गुदमरवतो. त्या एका धुरापायी लोकांनी किती सुंदर धुराडी बांधली! सजावटीला कारण दिलं की ती आणखी कल्पक होते.

बेथेस्डाच्या पुढच्या दोन मोठ्या गेमनी मात्र वाट बदलली. २०१८ च्या 'फॉलआउट ७६'मध्ये वेस्ट व्हर्जिनियात आपला तळ हवा तिथे हलवता येतो आणि इतर खेळाडू तो पाहायला येतात. शेवटी प्रेक्षक मिळाला, आणि अनोळखी माणसाच्या घरात शिरून त्याने मांडलेलं पाहणं हा त्या गेमचा सर्वोत्तम अनुभव आहे. पण सजावटीच्या वस्तूंचा मोठा वाटा दुकानात विकायला ठेवला गेला. भंगारातून वस्तू घडवण्यातला सगळा रस तिथे पातळ झाला, आणि याबद्दल मला मनापासून खंत आहे. २०२३ च्या 'स्टारफील्ड'मधले तळ निर्जन ग्रहांवर आहेत, खनिज काढण्यासाठी. जिथे आधी कोणाचं घर नव्हतं, पाळणा नव्हता, मोडकी भिंत नव्हती, तिथे बांधलेलं मला धरून ठेवत नाही.

या सगळ्यात आज नव्याने उतरणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? सँक्च्युअरीपासून नाही. तिथली गर्दी आणि अडगळ पहिल्याच दिवशी थकवते. पुलापलीकडचा 'रेड रॉकेट' पेट्रोलपंप घ्यावा: लहान जागा, बहुतेक वर्कबेंच तयार, कोणी माणसं नाहीत, शेजारीच कुत्रा भेटतो. गालिच्याची युक्ती तिथे शिकून घ्यावी. पहिल्या खेळात मॉड घालू नयेत, म्हणजे तुटवड्याची आणि मर्यादेची चव कळते. डायमंड सिटी गाठल्यावर सर्व्हायव्हल सुरू करून हँगमन्स अॅली मोकळी करावी. 'सिम सेटलमेंट्स २' दुसऱ्या खेळासाठी ठेवावं. आणि पीसीवर मॉड घालायचे असतील तर गेमची आवृत्ती आधी तपासावी. 'फॉलआउट'वरची मालिका पडद्यावर आल्यानंतर दोन आठवड्यांनी, २५ एप्रिल २०२४ रोजी, बेथेस्डाने मोठं अपडेट दिलं आणि 'प्लेस एव्हरीव्हेअर'सारखी बरीच हत्यारं ज्या पायावर उभी होती तो स्क्रिप्ट एक्स्टेंडर त्या दिवशी बंद पडला. नंतर तो नव्या आवृत्तीसाठी सुधारला गेला, पण वर्षानुवर्षं रचलेल्या वस्त्या मोडू नयेत म्हणून अनेकांनी जुनी आवृत्ती परत बसवली आणि तीच जपून ठेवली आहे. कोणता मॉड कुठल्या आवृत्तीवर चालतो हे पाहून मगच पहिली फळी ठोकावी.